औषध सगळ्यांना एकाच दिवशी

मुलाचा फोन आला तेव्हा मी परगावच्या डेपोत एका बसच्या आत खाली बसलो होतो. बसच्या सीटांना कव्हरं शिवायचं माझं काम. मागच्या लांब सीटचं रेक्झिन उसवून काढलं होतं आणि आतला फोम तपासत होतो. पाणी मुरून तो काळा पडला होता. फोन वाजला तेव्हा वाटलं, हीच असेल. ही म्हणजे माझी बायको. मी बाहेरगावी कामाला गेलो की ती दुपारी फोन करायची. जेवलात का, एवढंच विचारायची, आणि मी हो म्हटलं की विश्वास बसला नाही अशा आवाजात "बरं" म्हणून ठेवून द्यायची.

फोनवर मुलगा होता.

"बाबा, आई गेली."

"कुठे गेली?" मी विचारलं.

मी हे खरंच विचारलं. आदल्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली होती. दोन दिवस पोट दुखत होतं, आता एकदम थांबलं, म्हणाली होती. म्हणून मला वाटलं, बहिणीकडे गेली असेल, बाजारात गेली असेल. मागून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज फोनमध्ये आला, आणि मला कळलं.

सकाळी तिला इस्पितळात नेलं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, दुपारी गेली. त्या धावपळीत मला कळवायचं मुलाच्या डोक्यातच राहिलं नाही. मी त्याला कधी बोल लावला नाही. कळवलं असतं तरी मी वेळेत पोचलो नसतो.

डेपोच्या साहेबांनी मला पहिल्याच सुटणाऱ्या गाडीत बसवलं. माझी हत्यारं त्या अर्धवट सीटजवळच राहिली. पुढे कुणीतरी पोचती केली. गाडीतल्या सगळ्या सीटा मीच शिवलेल्या होत्या. माझ्या पुढच्या सीटच्या कोपऱ्यात एक टाका सुटला होता. गाव येईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो.

इस्पितळात त्यांनी मला तिला पाहू दिलं. चादर नीट करताना नर्सने ती जरा बाजूला केली आणि पोटावरचे टाके दिसले. सरळ होते, सारख्या अंतरावर होते. घाईत घातलेले वाटत नव्हते. एवढंच मला त्या वेळी बरं वाटलं. दुसरं काही बरं वाटण्यासारखं नव्हतं.

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत हिचं पाळणाघर होतं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये माझं मशीन. मुलांना झोपायला गाद्या होत्या, त्यांना मी बसच्या उरलेल्या रेक्झिनची कव्हरं शिवली होती, म्हणजे कुणी ओली केली तर पुसून घेता येत. भिंतीला कमी उंचीची फळी, तिच्यावर प्रत्येक मुलाचा कप उलटा घातलेला. मुलं हिला आजी म्हणत, त्यांचे आईबाप काकू म्हणत. सून लग्न होऊन आली तशी तीही यात पडली. तिला मुलं ताई म्हणायची. तिला स्वतःचं मूल अजून नाही. दोघींचं जमायचं. सासूसुनेचं जमतं म्हटल्यावर लोक जसे बघतात तसे आमच्याकडेही बघायचे.

आता जंतांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लहान मुलं जिथे एकत्र खेळतात, एकत्र झोपतात, तिथे जंत होतातच. सुतासारखे बारीक, पांढरे. रात्री मूल झोपलं की ते बाहेर येऊन अंडी घालतात, मग खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात जातात, खेळण्यांना लागतात, दुसऱ्याच्या हाताला लागतात. यात कुणाच्या घरची घाण नसते. पण हे आईबापांना पटत नाही. पाळणाघर नवीन होतं तेव्हा हिने एका बाईला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या मुलीला जंत दिसतात, औषध द्या. ती बाई इतकी लाल झाली, म्हणाली, आमच्या घरात असलं काही नसतं, इथूनच आलं असेल. दुसऱ्या दिवसापासून मुलगी बंद. आणि बाकीच्या आया विचारायला लागल्या, कोण ती, कुणाची मुलगी, माझ्या मुलाजवळ बसवत होता का.

मग पुढच्या वेळी हिने वेगळंच केलं. संध्याकाळी सगळे आपापली मुलं न्यायला आले तेव्हा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला जंत झालेत. मुलांना माझ्यापासून लागायला नकोत. उद्या सगळ्यांना औषध."

कुणाला राग आला नाही. उलट हसले. एक बँकेतले कॅशियर होते, ते म्हणाले, "काकू, या वयात हे शोभतं का?"

"अहो, जंतांना कुठे वय वाचता येतं," ही म्हणाली.

तेव्हापासून तीच रीत पडली. कुणाचंही मूल खाजवायला लागलं की जंत हिला. ज्याचं मूल असेल त्याला ते कधी कळायचं नाही, आणि दुसऱ्यांनाही नाही. मुलांच्या डॉक्टरांना विचारून ती वयाप्रमाणे औषध ठरवून घ्यायची. मग तिचा नियम: औषध सगळ्यांना एकाच दिवशी. मुलांना, त्यांच्या आईबापांना, आम्हाला. एक जरी राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी चादरी उकळत्या पाण्यात, खेळणी साबणाच्या पाण्यात, आणि सगळ्यांची नखं कापायची. मुलं रांगेने बसायची आणि ही एकेकाचा हात धरून सांगायची, नखं वाढवलीस तर जंतांना फुकट खोली मिळते, भाडंसुद्धा देत नाहीत मेले. औषधाने जंत मरतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी तेच सगळं पुन्हा.

मी एकदा म्हटलं होतं, "किती वेळा जंत होतात तुला. लोक म्हणतील, ही बाई माती खाते की काय."

"म्हणू देत," ती म्हणाली. "माझं काय जातंय?"

ती गेल्यावर घरात माणसं येऊन बसायची, उठून जायची. त्या दिवसांत तिच्या दुखण्याच्या पहिल्या दिवसाचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बरंचसं सुनेनेच सांगितलं. काहीच न लपवता सांगितलं.

सकाळी हिने चहा घेतला नव्हता. बेंबीजवळ हात दाबून टेबलाला टेकून उभी होती. म्हणाली, "मला जंत झालेत बहुतेक. आज औषध काढ."

सून म्हणाली, "कुणाला झालेत ते सांगा आधी. गठुड्याला ना? परवापासून खाजवतोय तो."

गठुडं म्हणजे पाळणाघरातलं सगळ्यात गुबगुबीत मूल. हिनेच ठेवलेलं नाव.

"मला गं. पोटात पिळतंय."

"हो, हो. तुम्हालाच. दरवेळी तुम्हालाच होतात." आणि सून हसली.

ही पण हसली. टेबलाचा कोपरा धरून हसली, असं सून म्हणाली. मग दोघींनी औषधाचा दिवस केला. पातेल्यात पाणी तापवलं, चादरी काढल्या. हिने बसल्या बसल्या सगळ्यांची नखं कापली. स्वतःची गोळी चघळली. दुपारी उलटी झाली, तर म्हणाली, औषधाने होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी दुखणं उजव्या बाजूला खाली सरकलं. वाकून चालायला लागली. सून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. ही म्हणाली, "औषधाला वेळ दे की जरा. जंत का सांगून मरतात?" संध्याकाळी दुखणं एकदम थांबलं. ही उठून बसली, चहा मागितला, मला फोन केला. औषध लागू पडलं, असं तिने मला सांगितलं. सुनेला तर हायसं वाटलं. तिने पोटभर जेवून घेतलं त्या रात्री, ते तिने मला दोनदा सांगितलं, जसा काही गुन्हाच केला होता.

सकाळी अंगात ताप, हात गार, आणि पोट फळीसारखं घट्ट.

हे सुनेने सगळ्यांसमोर सांगितलं, तिथे माझी मेहुणीही बसली होती. हिची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ आहे, आणि बहिणीवर तिचा जीव होता, त्यामुळे त्या दिवसांत तिच्या तोंडाला धरबंध नव्हता.

"हसत हसत घालवली माझ्या ताईला," ती म्हणाली. "तिच्या पोटात आग पडली होती आणि ही दात काढत होती."

मी म्हटलं, "पुरे आता."

"का पुरे, भाऊजी? सख्खी लेक असती तर हसली असती का?"

मुलगा जिन्यात उभा होता. त्याने हे ऐकलं. खाली आला आणि बायकोला विचारलं, "तू हसलीस?"

ती म्हणाली, "हो."

एवढंच म्हणाली. आईसुद्धा हसल्या, असं म्हणू शकली असती. दरवेळी त्या असंच म्हणायच्या, हेही सांगता आलं असतं. त्याला ते माहीत नव्हतं का? त्याचं लहानपण त्याच खोल्यांत गेलं होतं. आईच्या जंतांवरून तोसुद्धा तिला चिडवायचा. पण त्या वेळी त्याला ते आठवायचं नव्हतं. तो छापखान्यात काम करतो. मशीनच्या खोलीवर एक खोली आहे, तिथे जादा पाळीचे लोक झोपतात. त्याने पिशवीत कपडे भरले आणि तिकडे गेला. जाताना मला म्हणाला, "बाबा, मला इथे श्वास घेता येत नाही."

मलाही राग होता. खोटं कशाला सांगू. सून समोर आली की मला ती टेबलापाशी हसताना दिसायची, मी तर तिथे नव्हतोसुद्धा. कामापुरतं बोलायचो. ती शेडच्या दारात चहा ठेवायची आणि गार झालेला कप परत घेऊन जायची. पाळणाघर बंद होतं. आईबाप अधूनमधून येऊन विचारायचे, पुन्हा कधी सुरू करणार. सून म्हणायची, बघू. बंद खोल्यांत फिनेलचा वास तेवढा राहिला होता.

मग इस्पितळातून फोन आला. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनबाईंनी मला भेटायला बोलावलं होतं. काढलेल्या अपेंडिक्सचा तपासणीचा रिपोर्ट आला होता.

त्या वयाने माझ्या सुनेएवढ्याच असतील. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आधी दार लावून घेतलं.

"काका, तुमच्याकडे पाळणाघर आहे असं तुमच्या सूनबाई म्हणाल्या होत्या. म्हणून हे तुम्हाला सांगायला हवं. काकूंच्या अपेंडिक्समध्ये जंत सापडलेत. मुलांना होतात तेच, बारीक."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणालो, "म्हणजे तिला खरंच झाले होते."

"हो."

"ती सांगत होती. मला जंत झालेत म्हणून."

त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. दारात उभं राहून ती काय सांगायची, कॅशियर काय म्हणाले, सून का हसली.

"जंतांनीच गेली का ती?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. अपेंडिक्स म्हणजे करंगळीएवढी पिशवी असते, एका बाजूने बंद. कधी जंत तिचं तोंड अडवतात आणि सूज येते. कधी सूज दुसऱ्याच कारणाने येते आणि जंत आपले तिथे असतात. रिपोर्टवरून दोन्हींतलं काय झालं ते ठरवता येत नाही. कुणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

"आणि ते दुखणं थांबलं, ते?"

"ते थांबलं तेव्हा अपेंडिक्स फुटलं असणार. ताण जातो, थोडा वेळ बरं वाटतं. मग पू पोटभर पसरतो."

म्हणजे तिने मला फोन केला तेव्हा. चहा पिऊन, उशीला टेकून, औषध लागू पडलं म्हणून सांगितलं तेव्हा.

मग मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. खरं तर तेवढ्याचसाठी आलो होतो.

"पहिल्या दिवशी आणली असती तर?"

सर्जनबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वाचल्या असत्या. बहुतेक नक्की. पण काका, पहिल्या दिवशी नुसतं बेंबीजवळ दुखतं. माणसं ते गॅसवर ढकलतात, जेवणावर ढकलतात. मी स्वतः डॉक्टर असून माझ्या भावाचं एक दिवस ओळखलं नव्हतं. तो वाचला, हे त्याचं नशीब."

निघताना म्हणाल्या, औषधाचा दुसरा डोस राहिला असेल तर चुकवू नका, मुलांचाही नाही.

मी घरी चालत आलो. वाटेत दोन वाक्यं डोक्यात फिरत होती. वाचल्या असत्या, हे एक. आणि माणसं गॅसवर ढकलतात, हे दुसरं. सुनेला यातलं कोणतं सांगायचं? पहिलं लपवलं तर ती माझ्या तोंडावरून ओळखेल. मला कधी काही लपवता आलेलं नाही, ही म्हणायची, तुमचं तोंड म्हणजे उघडी खिडकी. आणि नुसतं पहिलं सांगितलं तर ते तिला आयुष्यभर पुरेल.

घरी सून पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती. फळीवरचे कप खाली काढून एकेक कागदात गुंडाळत होती. बाजूला तिची बॅग भरलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"ज्याचा त्याचा कप देऊन टाकते. आणि आईकडे जाते थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

हातातला कप गुंडाळून झाला तरी ती कागद दुमडत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"जंत होते तिला. अपेंडिक्समध्ये सापडले."

तिचे हात थांबले.

"खरंच होते?"

"खरंच होते."

"आणि पहिल्या दिवशी नेलं असतं तर? हे विचारलंत ना तुम्ही? तुम्ही विचारणारच. मी पण विचारलं असतं."

मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखतात, मी सहसा बसत नाही.

"वाचली असती," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जसं तिला माहीतच होतं. रडली नाही. म्हणाली, "मी हसले नसते तर नेलं असतं."

"तू हसली नसतीस तर काय झालं असतं ते मी सांगतो. तू म्हणाली असतीस, आई, खरंच दुखतंय का, चला डॉक्टरकडे. आणि ती म्हणाली असती, जंतांसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का, पातेलं चढव. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीसच ना? गेली का ती?"

"नाही."

"तिला पण जंतच वाटले. नुसतं तुला नाही. इतकी वर्षं लोकांच्या मुलांची पोटं पाहिली, स्वतःचं पोटही तसलंच वाटलं तिला. आणि जंत तर होतेच. ती खोटं कुठे बोलली? या वेळी खरं बोलली, आणि आपल्यात कुणाला ते खरं ऐकायची सवयच नव्हती. ती सवय तिनेच घालवली."

हे बोलून झाल्यावर मला हिचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं विचित्र असतं, तो कुणावर काढता येत नाही. मेली दुसऱ्यांची लाज झाकत बसली आणि स्वतःचं दुखणं सांगायला शब्द उरला नाही तिच्याजवळ. सुनेवरचा माझा राग त्याच वेळी गेला की आधीच गेला होता, ते मला सांगता येत नाही. पण त्यानंतर ती टेबलापाशी हसताना मला दिसली नाही. दिसल्या तेव्हा दोघी दिसल्या.

थोड्या वेळाने सून म्हणाली, "बाबा, दुसरा डोस."

"हं."

"उलटून चाललीय वेळ. मुलं आता घरोघरी आहेत. त्या दिवशी आईंनी खेळणी धुतली, पण त्या स्वतःच... सगळ्यांना सांगावं लागेल." मग म्हणाली, "काय सांगू?"

मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"आईंसारखं सांगितलं तर मला झालेत म्हणावं लागेल. ते मी नाही सांगणार." तिने कागद सोडून कप मोकळा केला. "जे झालं ते सांगणार."

मला धडकी भरली. म्हणालो, "लोक म्हणतील, पाळणाघरवालीच जंतांनी मेली. तिचं नाव जाईल. तुझं पाळणाघर जाईल."

"जाऊ दे. कुणा मुलाचं पोट दुखलं आणि त्याची आई जंत म्हणून बसून राहिली तर?"



तिने सगळ्यांना फोन करून संध्याकाळी बोलावलं. बरेचसे आले. ती दारात उभी राहिली, हिची जागा होती तिथेच, दुसरी जागाच नाही उभं राहायला. मी मागे खोलीत होतो.

"आमच्या आईंना जंत होते," ती म्हणाली. "रिपोर्टमध्ये आलंय. अपेंडिक्सला जंतांनीच सूज आली की नाही ते डॉक्टरांना सांगता येत नाही. पण होते. इथल्या मुलांपैकीही कुणाला असतील, ते एकमेकांपासून लागतात. उद्या सगळ्यांनी दुसरा डोस घ्यायचा. आणि अजून एक. पोट दुखलं, उलटी झाली, दुखणं उजवीकडे खाली गेलं, तर जंत म्हणून थांबू नका. एकदम बरं वाटलं तरी थांबू नका. आम्ही थांबलो."

कॅशियर या वेळी काही विनोद करू शकले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. एका आईने विचारलं, "म्हणजे आमच्या मुलांना इथूनच..." आणि वाक्य अर्धं सोडून मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. तिचा कप अजून आमच्याकडेच आहे.

गठुड्याची आई मागे थांबली. सगळे गेल्यावर पुढे आली. दुकानात कपडे विकायचं काम करते, दिवसभर उभी असते. म्हणाली, "ताई, हा महिनाभर खाजवत होता. मला दिसत होतं. लाज वाटली म्हणून मी काकूंना बोलले नाही. वाटलं, होईल बरं." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "माझ्यामुळेच लागले असतील का हो त्यांना?"

सून म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही. आईंना होते की याला आधी, कोण सांगणार?" मग थोडं थांबून म्हणाली, "तो खाजवतोय हे मला दिसलं होतं. म्हणूनच मी हसले. आई याला झाकतायत असं वाटलं मला."

दोघी बराच वेळ उंबऱ्यावर बसल्या होत्या. गठुडं त्यांच्यामध्ये बसून गुंडाळलेल्या कपांचे कागद फाडत होतं. कुणी त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी औषध घेतलं. काहींनी फोन करून कळवलं, काहींनी मुलांना इथेच आणलं. सुनेने त्यांची नखं कापली. तिला हिच्यासारखं बोलता येत नाही, ती गप्प राहून कापते, आणि मुलं तिच्यापुढे जास्त शहाण्यासारखी बसतात. तिची बॅग भरलेलीच आहे. ती उचललेली नाही आणि रिकामीही केलेली नाही. मेहुणी एकदा येऊन गेली, सुनेच्या हातचा चहा घेतला, पण तिच्याशी बोलली नाही.

मुलाची गोळी घेऊन मी छापखान्यात गेलो. मशीन चालू होतं, त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्याने मला पाहिलं, हात पुसत बाहेर आला. गोळी दिली तशी काही न विचारता चघळली. हिच्या घरात वाढलेला मुलगा, ही गोळी का ते त्याला विचारावं लागत नाही. मग म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"घरी ये. तिथे सांगतो."

"इथे सांगा ना."

"तिच्यासमोर सांगायचंय."

तो मशीनकडे बघत राहिला. "बघू," म्हणाला, आणि आत गेला.

अर्धं वाक्य ऐकून तो उरलेलं ऐकायला थांबणार नाही, हे मला माहीत आहे. वाचली असती, एवढंच घेऊन तो जाईल. म्हणून ते सगळं त्याला घरात, त्या खोलीत, बायकोच्या समोर बसवूनच सांगायला हवं. तो अजून आलेला नाही. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.